प्रश्नावलीलाही परवानगी हवी

संशोधनाला नैतिकता समितीची परवानगी ही वैद्यकीय महाविद्यालयांपुरती बाब आहे, असे आपल्या विद्यापीठांत सर्रास मानले जाते. ‘आम्ही कुणाला औषध देत नाही, सुई टोचत नाही. अकोले तालुक्यातल्या वाड्यांवर जाऊन प्रश्नावली भरून घेतो, त्यात कुणाचे काय बिघडणार?’ हा पूर्वपक्ष प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

काय बिघडते, ते हिरड्यावरून पाहू. अकोले तालुक्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातली महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात. याच डोंगरांत 1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले. अभयारण्यातून वनोपज नेण्यावर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने मात्र गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मानली. या दोन कायद्यांच्या मधे उभ्या असलेल्या घरी एम.ए.चा विद्यार्थी जातो आणि विचारतो : जंगलातून काय आणता, किती, कुठून? वरच्या रकान्यात नाव, वाडी, मोबाइल क्रमांक. त्याच्या लेखी हा प्रबंधातला एक तक्ता. उत्तर देणाऱ्याच्या नावावर तो लेखी कबुलीजबाब ठरू शकतो. प्रबंध पुढे कुणाच्या हाती जाईल, हे त्या घराला कधीच कळत नाही.

दुसरे समर्थन असे : ‘मुख्याध्यापकांचे पत्र आहे, सरपंचांची सही आहे.’ याला उत्तर आहे खम्मम. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या या जिल्ह्यात 2009 मध्ये 10 ते 14 वर्षांच्या सुमारे 14 हजार मुलींना एका संशोधन प्रकल्पात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस दिली गेली. त्यांत वसतिगृहातल्या आदिवासी मुलीही होत्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. 2013 च्या संसदीय समितीच्या अहवालानुसार आंध्रातल्या 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. मधल्या काळात झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. तरी दोष उरतोच, कारण विचारायचे होते आईबापांना. अकोल्यातल्याच राजूर परिसरातल्या आश्रमशाळेत नुसते हिमोग्लोबिन तपासायला जाणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत : समुदायाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही, आणि सात वर्षांवरच्या मुलालाही स्वतंत्रपणे विचारावे लागते.

परवानगीत वेळ जातो, ही तक्रार अर्धीच खरी. धोका नगण्य आणि ओळख पटणार नाही अशी माहिती असेल तर याच तत्त्वांत सूट आहे, किमान धोक्याला जलद छाननी आहे. स्वतःची समिती नसलेल्या महाविद्यालयाला दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करता येतो.

संमतिपत्राच्या भाषेबद्दलची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. ‘कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याचा अधिकार मला अवगत आहे’ या वाक्यातून ‘नको वाटलं तर मधेच उठून जा, कुणी काही म्हणणार नाही’ हे वाडीवरच्या बाईला कळत नाही. त्याखाली घेतलेला अंगठा संमतीचा नव्हे.

आता दुसरे उदाहरण, बियाण्याचे. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी जपलेल्या गावठी वाणांसाठी त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. असे वाण जपणाऱ्या घरांत अभ्यासक मूठभर घेवडा मागायला जातात. 2002 च्या जैवविविधता कायद्यात, व्यापारी हेतू नसलेल्या भारतीय अभ्यासकाला राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. पण त्या मुठीबरोबर वाणाचे नाव, पेरणीची वेळ, साठवणीची रीत असे कुणाचे तरी आयुष्यभराचे ज्ञानही येते, आणि प्रबंधात त्याचा मालक ‘एक स्थानिक शेतकरी’ होऊन जातो.

हिरड्याच्या घराला नाव लपवलेले हवे असेल, बियाण्याच्या घराला ते छापलेले. कुणाला काय हवे, हे विद्यापीठाच्या खोलीत बसून ठरवता येत नाही. नैतिकता समितीत सामान्य नागरिक सदस्य असावा लागतो, आणि तो ज्यांच्यावर अभ्यास चालला आहे त्या समाजातलाही असू शकतो. अकोल्यावरचा प्रकल्प मंजूर करायला बसलेल्या समितीत हिरडा वेचणारी एखादी बाई असली, तर ‘वर नाव कशाला लिहिता?’ हे ती पहिल्याच बैठकीत विचारेल.