एकाच वायनरीच्या दोन बाटल्या सारख्या का नसतात? (थ्रेड)

येवला म्हटले की पैठणी, तात्या टोपे आणि १९३५ सालची बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा आठवते. वाइन आठवत नाही. मात्र येवल्याहून नाशिकची वाट धरली की निफाड तालुक्यात विंचूर लागते. पानिपतच्या रणात उतरलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे हे गाव. येथेच राज्य शासनाने वाइन पार्क वसवले.

वायनरी एक, द्राक्षाचा वाण एक, लेबलही एक. तरी एक बाटली सुरेख आणि दुसरी फिकी. दोष बहुधा वाइन घडवणाऱ्याच्या माथी येतो. माझ्या मते, द्राक्ष कोणाच्या रानातले आणि त्याचे पैसे कशावर मोजले, हे आधी विचारावे.

फ्रान्समधील बर्गंडीत सिस्टर्शियन मठवासीयांनी क्लो द वूजो हा सुमारे १२५ एकरांचा मळा एका तटबंदीत बांधला. भिंत एक, पण चढावरची जमीन चुनखडीची आणि निचऱ्याची, तर रस्त्यालगतची चिकण आणि ओलसर. राज्यक्रांतीत मळा जप्त झाला, पुढे त्याचे तुकडे पडले. आज तेथे सुमारे ऐंशी मालक आहेत. एकाच नावाखाली उत्तम आणि सामान्य, दोन्ही वाइन विकली जाते. बोर्डोत शातो लातूरने १९६६ पासून निवडीत मागे पडलेल्या वाइनला ‘ले फोर द लातूर’ हे स्वतंत्र नावच दिले.

नाशिकची गोष्ट याहून गुंतागुंतीची. येथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. फळछाटणीची तारीख शेतकरी ठरवतो. म्हणून एकाच वाणाची द्राक्षे कोणाकडे जानेवारीच्या थंडीत पिकतात, तर कोणाकडे मार्चच्या उन्हात. ऊन वाढले की साखर झपाट्याने चढते, आम्लता ओसरते आणि वाइन बोथट होते. बर्गंडीत तोडणी दोन-तीन आठवड्यांत आटोपते; आपल्याकडे ती महिनोन्‌महिने चालते.

त्यात जमिनीचा फरक. दिंडोरीचा उतार वेगळा, निफाडची खोल काळी जमीन वेगळी, आणि पालखेडच्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेले येवल्याचे अवर्षणग्रस्त शिवार आणखी वेगळे.

आता मूळ मुद्दा. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने विंचूर आणि सांगलीतील पलूस येथे पार्क नेमले, राज्यातील द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. टाक्या आल्या, यंत्रे आली. मळे मात्र बहुतांशी शेतकऱ्यांचेच राहिले, आणि हे शेतकरी खाण्याच्या द्राक्षांत तयार झालेले. जितके वजन तितका पैसा, हा त्यांचा अनुभव. वाइनच्या द्राक्षाला नेमके उलटे हवे असते: घड कमी, मणी लहान, रस घट्ट. माल किलोवर घ्यायचा आणि घड विरळ करायला सांगायचे, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या खिशाला कात्री लावायची! साखरेच्या प्रमाणावर दर बांधून दिला, तेथेच हा तिढा काहीसा सुटला.

कारखान्याच्या आतही सारे समान नव्हते. पांढऱ्या वाइनचा रस थंड टाकीत सावकाश आंबावा लागतो. त्या दशकात ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने बेजार होता. ज्याच्याकडे जनरेटर आणि पुरेशी शीतयंत्रणा, त्याची टाकी वाचली.

मग २००८ ची मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटन आटले. वाइन टाक्यांत पडून राहिली आणि पुढच्या हंगामात अनेक शेतकऱ्यांच्या द्राक्षांना गिऱ्हाईकच उरले नाही. वाइनचे द्राक्ष खाण्याच्या बाजारात खपत नाही. मणी लहान, त्यात बिया. कित्येकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. वेल जुनी होऊन तिच्या फळात सातत्य यायला वर्षे लागतात. ती वर्षे त्या बागांना मिळालीच नाहीत.

जे तगले, त्यांच्याशी मोठ्या वायनऱ्यांनी पुढे दीर्घ मुदतीचे करार केले आणि छाटणीची तारीखही त्यात घातली.