नवे शॉकअप बसवले, तरी गाडी का आपटते? जाणून घ्या कारणं आणि उपाय

पावसाळ्यात अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरातून बारवी धरण किंवा मलंगगडाकडे गाडी काढली की रस्ता शॉकअपची परीक्षा घेतो. मग ती थार असो, नाहीतर बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी इंजिनिअरिंगच्या मुलांनी बनवलेली बगी. पण नवे शॉकअप बसवल्यावरही गाडी आवाज करत असेल, तर दोष पार्टचाच असतो असं नाही. बऱ्याचदा चूक फिटिंगची असते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, तर शॉकअप तिचं उसळणं थांबवतो.

खड्ड्यात टक-टक आवाज येतोय?
वरचे आणि खालचे बोल्ट तपासा. गाडी जॅकवर असताना रबरी बुशचे बोल्ट पूर्ण आवळले, तर चाकं खाली टेकताच बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो. म्हणून शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असतानाच करा.

गाडी एका बाजूला झुकलीय?
सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक असेल तर स्प्रिंग खाचेत नीट बसलीय का आणि दोन्हीकडचा प्रीलोड सारखा आहे का, ते पाहा.

गाडी उसळत राहते?
कोपरा दाबून सोडा. गाडी एक-दोन हेलकाव्यांत थांबायला हवी. ट्विन-ट्यूब शॉकअप आडवा ठेवलेला असेल, तर आतल्या तेलात हवा शिरते. तो काढून उभा धरा, तीन-चार वेळा पूर्ण दाबा-ओढा आणि मग बसवा.

सलग खड्ड्यांत गाडी बसत जाते?
रिबाउंड जास्त घट्ट असेल, तर पुढच्या खड्ड्याआधी स्प्रिंग पूर्ण उघडत नाही. ॲडजस्टर असल्यास एकेक क्लिक सैल करून चालवून बघा. सुरुवातीचं सेटिंग लिहून ठेवा.

सर्वांत मोठा धोका
गाडी उंच करण्यासाठी लांब शॉकअप टाकले, तर चाक आधीपेक्षा जास्त खाली लटकतं. अशा वेळी ब्रेकचा होज ताणला जातो, ॲक्सलचा जॉइंट निखळू शकतो. होज तुटला तर घाटात ब्रेक नीट लागणार नाही. म्हणून चाक लटकवून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज सैल राहतो का, हे नक्की बघा. ताण दिसला तर गाडी बाहेर काढू नका.

हे विसरू नका
- शॉकअप नेहमी जोडीने बदला.
- उंची बदलली असेल तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजतील.
- रॉडवर तेलाचा पुसट थर चालतो, पण तेल ओघळत असेल तर सील गेलं समजा.
- गॅस भरलेला शॉकअप घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंगही योग्य कॉम्प्रेसरशिवाय सोडवू नका.

पहिल्या छोट्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. तरीही आवाज राहिला, तर गाडी मेकॅनिककडे न्या.