इबाख पूल : काँक्रीट बळकटीकरणाच्या इतिहासातील एक टप्पा

काँक्रीटच्या तुळईस पोलादी पट्ट्या चिकटवून बळकटी देण्याचे प्रयोग १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये झाले. परंतु पोलाद जड असते आणि गंजल्यास सांध्याची पकड क्षीण होते. यास्तव स्वित्झर्लंडमधील एम्पा संस्थेत उर्स मायर यांनी कार्बन तंतूंच्या पट्ट्यांचा पर्याय विकसित केला. १९९१ मध्ये ल्यूसर्नजवळील इबाख पुलावर त्याची कसोटी लागली. सिग्नल बसविताना पाडलेल्या छिद्रांमुळे पुलातील ताणतारा तुटल्या होत्या. १७५ किलो पोलादाऐवजी अवघे ६.२ किलो तंतुद्रव्य पुरले. खर्चिक परांचीही टळली. किलोमागे महाग असलेले द्रव्य म्हणूनच परवडले. तथापि पट्टी सुटल्यास तुळई पूर्वसूचनेविना निकामी होऊ शकते. तात्पर्य, या तंत्राचे यश नव्या द्रव्याइतकेच जुन्या पृष्ठभागाच्या काटेकोर तयारीवर अवलंबून आहे.