अपुऱ्या वाकळेची गोष्ट

आपल्या सीमाभागात एकाच पांघरुणाला घरागणिक वेगळे नाव आहे. मराठी घरात ती वाकळ, पुण्या-नगरकडून आलेल्या सुनेच्या तोंडी गोधडी, भिंतीपलीकडच्या कन्नड घरात कौदी, आणि हल्याळ-यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी वस्तीत कवंदी. पांघरुणाची नावे चार. पण शिवायची हत्यारे पाहू गेले तर भाषांमधले अंतर एकदम कमी होते. आपण सुई म्हणतो, कन्नड शेजारीण सूजी म्हणते. आपले दाभण ते तिचे दब्बण, आपला दोरा तो तिचा दारा. कोणी कोणाकडून शब्द घेतला याचा निवाडा भाषापंडितांनी करावा. एवढे मात्र दिसते की ही हत्यारे एका सोप्यातून दुसऱ्या सोप्यात जाताना कोणी अडवली नाहीत.

हस्तकलेचा इतिहास लिहिणारे बहुधा पूर्ण झालेल्या वस्तूंचा इतिहास लिहितात. संग्रहालयात काचेमागे असते ती पुरी झालेली शाल, पुरे झालेले लुगडे. पण घराघरांतल्या हातकामाचे खरे आयुष्य ते अपुरे असतानाच जाते. महिना-दोन महिने ते सोप्यात, पडवीत, कट्ट्यावर पसरलेले असते. येणारी-जाणारी ते पाहते, बोट लावते, चूक काढते, चार टाके घालते. काम चालू असताना ते दुसऱ्यापुढे मांडण्याच्या या रीतीलाही इतिहास आहे, आणि तो समजतो त्याहून पुष्कळ जुना आहे.

आधी वाकळेचेच घेऊ. जुन्या लुगड्याचे धड भाग वरच्या आणि खालच्या बाजूला येतात. मध्ये धोतराचे तुकडे, फाटके सदरे, लहान मुलांची आखूड झालेली परकर-पोलकी असा सगळा ऐवज थर देऊन पसरला जातो. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालायचे आणि मग काठाकडून धावदोऱ्याच्या दाट ओळी सुरू करायच्या. एवढा पसारा एकटीच्या हातात मावत नाही. म्हणून दोघी-तिघी कडेने बसतात आणि आपापल्या बाजूने आत सरकतात. दिवे लागणीला वाकळ गुंडाळून ठेवायची, दुसऱ्या दुपारी पुन्हा पसरायची. मधल्या काळात आलेली पाहुणीसुद्धा रिकाम्या हाताने बसत नाही. पुऱ्या झालेल्या वाकळेत कोणाची ओळ कोणती हे घरच्या बायकांना बरोबर ओळखता येते. एकीचा टाका बारीक, दुसरीचा तिरका.

जीर्ण कापडाला असे मिळून नवे रूप देण्याचा एक जुना दाखला बौद्धांच्या विनयग्रंथांत सापडतो. भिक्षूंनी उकिरड्यावरच्या, टाकून दिलेल्या चिंध्या शिवून चीवर करावे असा आरंभीचा प्रघात होता. पुढे मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेते दाखवून बुद्धाने आनंदाला विचारले, की असे चीवर बेतता येईल का. आणि आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर बेतले, अशी कथा महावग्गात आहे. कापलेल्या, सांधलेल्या कापडाचा चोराला लोभ नसतो, हेही त्यातले एक व्यवहारी कारण होते.

याहून महत्त्वाचा आहे तो ‘कठिन’ नावाचा विधी. कठिन म्हणजे मुळात ज्या चौकटीवर कापड ताणून शिवत ती चौकट. वर्षावास संपल्यावर संघाला मिळालेले कापड धुणे, बेतणे, कापणे, शिवणे, रंगवणे हे सारे एका दिवसात आटोपायचे, आणि ते चीवर ज्याचे फाटले असेल अशा भिक्षूला द्यायचे. एका माणसाच्या वस्त्रासाठी साऱ्या विहाराने हात लावायचा असा हा नियम. ज्यांनी शिवले आणि ज्यांनी आनंदाने अनुमोदन दिले, त्या सर्वांना त्याचे फळ सारखे. या विधीचा काळ आश्विन पौर्णिमेनंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा. म्हणजे आपली दिवाळी बरोबर या महिन्याच्या मधोमध येते. श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड या देशांत हा विधी आजही पाळला जातो.

महाराष्ट्राशी याचा संबंध दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा १. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत अशी त्याची व्यवस्था. हिशेब करून पाहावा : २००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०, आणि २० भिक्षूंचे १२ प्रमाणे २४०. एक पैसा इकडे तिकडे नाही. इतका चोख हिशेब राहिला, राजाच्या जावयाचे नाव राहिले. ज्या विणकरांच्या हातावर ही ठेव फळत होती, त्यांच्यातल्या एकाचेही नाव लेखात नाही. हातकामाच्या इतिहासातली ही उणीव तेव्हापासूनची आहे.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. धारवाड-बेळगाव भागातली कसुती पाहा. कापडावर नक्षी छापून घ्यायची नाही, खुणा करायच्या नाहीत. ताणा-बाण्याचे धागे मोजत सुई चालवायची. गावंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. पैकी गावंती आणि मुर्गी यांत कापडाची उलटी आणि सुलटी बाजू सारखीच दिसते. गोपूर, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, पालखी ही नक्षी इलकल लुगड्याच्या पदराजवळ उमटे. कागदावर आराखडा नसलेली ही विद्या शिकायची कशी? दुसरीचे चालू काम शेजारी बसून पाहायचे आणि तिच्याबरोबर धागे मोजायचे. पुऱ्या झालेल्या हत्तीकडे पाहून तो आधी पायाकडून सुरू झाला की सोंडेकडून हे कळत नाही. अर्धा झालेला हत्ती ते सांगतो. मराठी घरातल्या कितीतरी मुलींनी कन्नडमधले आकडे अशा मोजणीतूनच उचलले असतील.

सिद्दींच्या कवंदीची गोष्ट अशीच. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेली माणसे, त्यांतली कित्येक निसटून घाटावरच्या रानात शिरली. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी पुष्कळ अंशी त्यांचे वंशज. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान तिन्ही धर्मांचे लोक, आणि बोलीत कोंकणी-मराठी-कानडीचे मिश्रण. त्यांच्या बायका कवंदी काठाकडून सुरू करतात आणि तुकडे जोडत जोडत मध्याकडे येतात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत; फुलांवाचून ती उघडी-वाघडी दिसते म्हणतात. कुणाच्या कवंदीत क्रूस असतो, कुणाच्या चंद्रकोर. २००३ मध्ये उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास परदेशी अभ्यासकांचे लक्ष या कवंद्यांकडे गेले आणि त्या दूरदूरच्या प्रदर्शनांत पोचल्या.

बेळगावकरांनी विसरू नये अशी एक घटना याच सूत्रातली आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने सारी व्यवस्था झाली. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याची साक्ष आहे. या अधिवेशनाने एक विलक्षण ठराव केला. काँग्रेसच्या सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा २००० वार सूत द्यावे, म्हणजे वर्षाला २४,००० वार. स्वतः कातता येत नसेल किंवा कातायची इच्छा नसेल, तर दुसऱ्याकडून तेवढे मिळवून द्यावे. दोन हजार वार म्हणजे जवळजवळ १.८ किलोमीटर धागा! वकिलांना, डॉक्टरांना, पुढाऱ्यांना हा हिशेब जड गेला. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला नियम सैल झाला, सुताऐवजी चार आणे देण्याची मुभा मिळाली आणि कताईचे काम पाहण्यासाठी अखिल भारतीय चरखा संघ निघाला.

ठराव टिकला नाही, पण त्यातला विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. सूत ही अपुरी वस्तू आहे. एकट्याचे सूत कोणाला नेसता येत नाही. ते दुसऱ्याच्या सुताशी मिळाले, मागावर चढले, तरच त्याचे कापड होते. राजकीय सभासदत्वाला असे अपुरे काम तारण म्हणून मागितले गेले ते आपल्या गावात, आणि त्या मांडवात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा बोलणारी माणसे होती.

हातकाम एकत्र बसून करण्याला संस्थेचे रूपही याच शतकात आले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथे लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणकामाचे वर्ग होते. अनेक घरांतल्या बायकांना बाहेर पडण्याची परवानगी मिळाली ती ‘शिवण शिकायला जाते’ एवढ्या निरुपद्रवी कारणावर. मिशनच्या आणि मुलींच्या शाळांतून लोकरीच्या सुया घरोघर पोचल्या. उलट-सुलट टाक्यांची भाषा तयार झाली. जुना स्वेटर उसवून, लोकर धुऊन, वाकडेपणा काढून पुन्हा विणायची कलाही त्याबरोबर आली. बापाच्या स्वेटराचा लेकाला बनियन आणि उरलेल्या लोकरीची तान्ह्याला टोपडी! आज ज्याला टाकाऊतून टिकाऊ म्हणून बक्षिसे मिळतात, ते तेव्हा रोजच्या प्रपंचाचे अंकगणित होते.

या साऱ्याला सोनेरी मुलामा देऊ नये. वाकळेभोवती कोण बसणार हे गल्ली आणि जात ठरवत असे. घरच्या बाईच्या टाक्यांना मोल नव्हते. आणि ज्या बाया गावोगाव फिरून मजुरीवर वाकळा शिवून देत, त्यांच्या पाठीचा कणा मोडला तरी मजुरी बेताचीच राहिली. एकत्र बसणे सुखाचे होते, पण ते गरजेतून आले होते. थंडी होती आणि नवे कापड परवडत नव्हते.

आज दुकानात गोधडी मिळते. कापड कोरे, शिलाई बहुधा यंत्राची, रंग उत्तम. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिच्यावर काही घरांची चूल पेटते. पण ती आपल्यापुढे येते ती पुरी होऊनच. तिच्यात दुसरीने टाका घालायला जागा उरलेली नसते. १ नोव्हेंबर १९५६ नंतर या भागात पाट्यांवरून, शाळांवरून, नकाशांवरून जे काही झाले ते आपण सारे जाणतो. त्या सगळ्या काळात दोन भाषांच्या बायका एका पांघरुणाच्या दोन कडांना बसून मध्याकडे सरकत होत्या, आणि एकमेकींची भाषा कामापुरती का होईना शिकत होत्या. ती बैठक मोडली तर तिची जागा कोणत्याही शिबिराने भरून निघणारी नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या लुगड्यांचे गाठोडे निघेलच. ते भांडीवालीला देण्याआधी त्यातली दोन लुगडी बाजूला काढावीत, थर घालावेत, कच्चे टाके टाकावेत. आणि वाकळ पुरी करण्याची घाई करू नये. ती चार दिवस सोप्यात तशीच पसरलेली राहू द्यावी. शेजारच्या अक्का फराळाचे ताट घेऊन येतील तेव्हा सुई कुठे ठेवली आहे ते त्यांना विचारावे लागणार नाही.