माफीचा साक्षीदार

स्वतः गुन्ह्यात सामील असूनही, सारे खरे सांगण्याच्या अटीवर न्यायालयाची माफी मिळवून साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६मधील ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३मध्ये आहे. काही दडवले, तर माफी हातची जाऊन मूळ गुन्ह्याचा खटला पुढ्यात येतो.

मराठी माणसाला पहिले नाव आठवते ते दिगंबर बडगे यांचे. पुण्यात ‘शस्त्र भांडार’ चालवणारे बडगे गांधीहत्येच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जानेवारी १९४८ रोजी पकडले गेले आणि जूनमध्ये सरकारपक्षाला मिळाले. लाल किल्ल्यातील खटल्यात नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना फाशी सुनावली गेली, बडगे सुटले. न्यायाधीश आत्माचरण यांना त्यांची साक्ष विश्वासार्ह वाटली. तरीही सहआरोपी विनायक दामोदर सावरकरांबाबत तिला स्वतंत्र दुजोरा न मिळाल्याने सावरकर निर्दोष ठरले.

आरोपी तोंड का उघडतो? पश्चात्ताप क्वचितच, बहुधा हिशेब.

डेव्हिड हेडलीचा हिशेब तर जुनाच होता. अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडला गेल्यावर तो अमेरिकी यंत्रणेचा खबऱ्या झाला होता. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यासाठी त्याने ठिकाणांची टेहळणी केली. ऑक्टोबर २००९मध्ये शिकागोत अटक होताच तो बोलू लागला आणि मार्च २०१०मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. बदल्यात मृत्युदंड टळला, भारताच्या हवाली करण्याची टांगती तलवारही गेली. शिक्षा झाली ३५ वर्षे. १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला माफी दिली. तिने त्याच्या कैदेतला एक दिवसही कमी झाला नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये तो दृक्श्राव्य यंत्रणेद्वारे सरकारी वकील उज्ज्वल निकमांच्या प्रश्नांना उत्तरे देत होता, कारण परदेशी न्यायालयापुढे साक्ष देणे हे त्याच्या अमेरिकी करारातच लिहिलेले होते.

युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांतही हेच व्यवहार दिसतात. बोस्नियातील स्रेब्रेनिका हत्याकांडात गोळ्या झाडणाऱ्या द्राझेन एर्देमोविचने आपण होऊन कबुली दिली. हेगच्या न्यायाधिकरणाने त्याची १० वर्षांची शिक्षा १९९८मध्ये ५वर खाली आणली. त्याच हत्याकांडातील आरोपी मोमिर निकोलिचने मात्र सौदा पक्का व्हावा म्हणून न केलेले गुन्हेही पदरात घेतले, मग खोटे बोलल्याचे मान्य केले. अभियोगपक्षाने १५ ते २० वर्षे मागितली होती. न्यायाधीशांनी २७ दिली, अपिलात ती २०वर आली.