राखेतले फुगे आणि डहाणूचे चिकू

कार्बन फोम म्हटलं की डोळ्यांसमोर एकदम अंतराळयान येतं. रेसिपी तशी साधी आहे. फिनॉलिक रेझिनचे सूक्ष्म पोकळ गोळे घ्यायचे, ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत तापवून त्यांचा कार्बन करायचा, थोड्या रेझिनने चिकटवायचे आणि पुन्हा तापवायचे. गंमत म्हणजे १९५० च्या दशकात हे गोळे आले ते तेलाच्या टाक्यांवर तरंगत ठेवून बाष्पीभवन कमी करायला!

या गोळ्यांचा गरीब चुलतभाऊ औष्णिक वीज केंद्रात जन्मतो. कोळशातली माती भट्टीत वितळते, थेंबात वायू अडकतो, थेंब फुगतो आणि तसाच थिजतो. हा सेनोस्फियर. कार्बनचा नाही, सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाचा. राखेच्या तळ्यात तो चक्क तरंगतो, आणि रेझिनमध्ये मिसळला की त्याचाही हलका फोम होतो.

आता डहाणूला येऊ. बीएसईएसचं ५०० मेगावॅटचं केंद्र इथे येणार म्हटल्यावर चिकूवाले धास्तावले. पर्यावरणवाले कोर्टात गेले, पण मार्च १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकल्प अडवला नाही. जूनमध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. भोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखला, म्हणजे शेजारचं तलासरीही आलंच. १९९५ मध्ये केंद्र सुरू झालं. १९९६ मध्ये कोर्टाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. त्याने १९९९ मध्ये गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. ती चालू कधी झाली? २००७ मध्ये. आठ वर्षं!

राखेचंही तसंच आहे. धुराड्याआधी पकडली तर कच्चा माल, सुटली तर चिकूच्या फुलांवरची धूळ. कण तोच. आपण इंजिनिअर मंडळी ‘कचऱ्यातून संपत्ती’चं प्रेझेंटेशन करतो, तेव्हा स्लाइडवर चकचकीत फोम असतो. पकडण्याचा खर्च कुठे असतो? डहाणूत तो कंपनीच्या हिशेबात घालायला लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

२०१६ मध्ये डहाणू घोलवड चिकूला जीआय टॅग मिळाला. मटेरियल सायन्सच्या पुस्तकात ही नोंद सापडणार नाही. असायला हवी, असं मला वाटतं.