पंचगंगेचे चित्रकार आबालाल

कोल्हापूरच्या पंचगंगेचे नाव आज बहुधा महापूर आणि प्रदूषणाच्या बातम्यांतच येते. याच नदीचा घाट, पायऱ्या, देवळे आणि पाण्यावरचा उजेड आबालाल रहिमान यांनी कागदावर उतरवला. कुराणशरीफच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या घरात ते वाढले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला. पण त्यांचा जीव रमला नदी-तळ्यांच्या काठी. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे तळ्यात सोडली, असे सांगतात. १९३१ मध्ये तेही गेले.

आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक मुलांना ताजमहाल शिकवतो, लाल किल्ला शिकवतो. आबालाल मात्र सांगत नाही. मग मुलांना वाटते, आपला इतिहास दूर दिल्ली-आग्ऱ्यातच आहे. कुराणाच्या अक्षरांच्या सहवासात घडलेल्या हाताने पंचगंगेकाठची देवळे मायेने रंगवली, हाही आमचाच इतिहास आहे. तळ्यात गेलेली चित्रे परत येणार नाहीत. उरलेली थोडी मुलांना दाखवणे मात्र आमच्या हाती आहे.